आपट्याचे सोने कोणाचे?

दसरा होऊन वीस दिवस झाले की दिवाळी येते, आणि दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघते. या झाडलोटीत दरवर्षी एक वस्तू हमखास सापडते. देवघराच्या कोपऱ्यात, कपाटाच्या माथ्यावर, एखाद्या पुस्तकाच्या पोटात नाहीतर सदऱ्याच्या खिशात आपट्याची वाळलेली पाने निघतात. दसऱ्याला हिरवी असलेली ही पाने आता तांबूस झालेली असतात, मधल्या शिरेवर दुमडलेली, हाताला कडक. यंदा ती सूनबाईच्या हाती लागली. चांगली ओंजळभर होती. कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन ती थांबली आणि म्हणाली, "आबा, या सोन्याचं काय करायचं?"

ओला कचरा की सुका कचरा, एवढेच तिला विचारायचे असावे. पण मला उत्तर सुचेना. कळायला लागल्यापासून मी हे सोने देत आलो, घेत आलो. थोरांच्या पाया पडून दिले, धाकट्यांच्या डोक्यावर हात ठेवून घेतले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" हे शब्द तोंडातून इतक्या वेळा गेले की त्यांचा अर्थ विचारण्याची वेळ कधी आली नाही. आता ती पाने समोर होती, सण उलटून गेला होता, आणि ज्याला आपण सोने म्हटले ते टाकायचे कुठे, असा प्रश्न पडला होता. खरे सोने कोणी टाकत नाही. ते कोणाचे आहे हे ठरलेले असते. हे सोने कोणाचे होते?

दसऱ्याच्या सोन्याची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पुरी झाल्यावर गुरुदक्षिणा विचारू लागला. गुरूंना काही नको होते. पण शिष्याने फारच हट्ट धरला तेव्हा ते रागावून म्हणाले, चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा आण. कौत्स रघुराजाकडे गेला. रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून सर्वस्व वाटून टाकले होते. अतिथीला अर्घ्य द्यायला सोन्याचे पात्रही उरले नव्हते, मातीचे होते. तरी याचक विन्मुख जाऊ नये म्हणून राजाने कुबेरावर चाल करून जाण्याचे ठरवले. कुबेर घाबरला आणि त्याने रात्रीतून सोन्याचा पाऊस पाडला. राजा म्हणाला, सगळे तुझे. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटीच हवेत, वर एक नाणे नको. कालिदासाच्या रघुवंशात ही कथा पाचव्या सर्गात आहे, आणि देणारा मोठा की घेणारा मोठा हे न कळून साकेतचे लोक दोघांचेही कौतुक करू लागले, असे तिथे सांगितले आहे.

पण रघुवंशात आपट्याचे झाड कुठेच नाही. कालिदासाचे सोने राजाच्या कोशागारात पडते. गावाबाहेरच्या झाडांवर, शमीवर किंवा आपट्यावर, ते पडले; कौत्साने आपले तेवढे उचलले आणि उरलेले लोकांनी लुटले, हा भाग लोकांनी आपल्या पदरचा घातला. मला या भर घालण्याचे फार आश्चर्य वाटते. ज्या ढिगाला देणाराही माझा म्हणत नाही आणि घेणाराही माझा म्हणत नाही, तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न कवीला पडला नाही. तो गोष्ट सांगणाऱ्या एखाद्या आजीला पडला असेल. कोशागारात ठेवला तर तो राजाचा होतो. गुरूच्या आश्रमात नेला तर कौत्साचा होतो. म्हणून तिने तो वेशीबाहेर, जिथे कोणाची मालकी नाही अशा जागी, एका झाडाखाली ठेवला. आणि मग जे कोणाचेच नाही ते सर्वांचे, अशा समजुतीने लोक धावले.

ही समजूत बरोबर आहे का? जे कोणाचे नाही ते सर्वांचे असते, की ते खरोखरच कोणाचे नसते?

आम्हा नाशिककरांना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण ते झाड आमच्या वेशीबाहेर आजही उभे आहे. आमच्या लहानपणी दसऱ्याच्या दिवशी ऊन उतरले की वडीलमाणसे सीमोल्लंघनाला निघत. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हातात पूजेचे तबक. मळे संपून माळ सुरू होतो तिथे एखादा आपटा गाठायचा, त्याच्या बुंध्याला हळदकुंकू वाहायचे, प्रदक्षिणा घालायची, आणि येताना चार पाने आणायची. चार म्हणजे मोजून चार नव्हेत. पण सदऱ्याच्या खिशात मावतील एवढीच. आम्हा पोरांना फांदीला लोंबकळायची हौस असे, आणि तसे केले तर पाठीत धपाटा बसे.

पुढे मोठेपणी जुने ग्रंथ चाळताना एक गोष्ट दिसली आणि मौज वाटली. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु १६१२ सालचा, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० सालचा. दसऱ्याच्या विधीत शमीची पूजा सांगितली आहे आणि शमी नसेल तिथे अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची. आणि पूजेनंतर घरी न्यायचे ते काय, तर झाडाच्या मुळाशी असलेली ओली माती, अक्षतांसह, वाजतगाजत. माती न्यायची! आश्विनात पाऊस नुकताच ओसरलेला असतो, तेव्हा ती ओली असणारच. त्या विधीत झाडाच्या दारी पाहुण्यासारखे जायचे आणि अंगणातली चिमूटभर माती कपाळाला लावून परतायचे, असा भाव दिसतो. गाव ओलांडून झाडाकडे जाणे हाच त्या दिवसाचा मुख्य भाग होता.

आता झाडच गाव ओलांडून आमच्याकडे येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रविवार कारंजाला नाहीतर पंचवटीच्या बाजारात जाऊन पाहावे. झेंडूच्या राशींच्या शेजारी हिरव्या फांद्यांचे भारे पडलेले असतात. पेठ-सुरगाण्याकडून, त्र्यंबकच्या डोंगरातून ते आलेले असतात; आणणारी माणसे बहुधा कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर. आपण जुडी घेतो, पैसे देतो आणि निघतो. ज्या झाडाची ती फांदी, ते झाड कसे दिसते हे विचारले तर दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. म्हणून थोडे त्याच्या घराविषयी सांगतो.

आमचा जिल्हा पावसाच्या बाबतीत मोठा विषम आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे निघालात की तासाभराच्या प्रवासात नाशिकला तो सातशेच्या आसपास येतो, आणि सिन्नरकडे आणखी कमी. घाटमाथ्यावरची दाट हिरवी झाडी मागे पडली, की डोंगरांच्या उतरणीवर पानगळीचे रान लागते. साग, ऐन, धावडा, पळस, खैर, सालई, मध्ये करवंदीच्या जाळ्या. या रानात सागासारखी उंच सरळ झाडे ही मानकरी मंडळी. आपटा त्यांच्यात बसत नाही. तो रानाच्या कडेला, जिथे माती वीतभर आणि खाली काळा कातळ, अशा जागी उभा असतो. अश्म म्हणजे दगड, आणि अश्मंतक हे त्याचे जुने नाव मला म्हणूनच शोभून दिसते. उंची दोन-अडीच पुरुष, खोड वाकडे, साल काळपट आणि खोल भेगांची, फांद्या खाली झुकलेल्या. उन्हाळ्यात पांढरट-पिवळसर बारीक फुलांचे तुरे येतात; त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण त्याच सुमारास पळस आणि बहावा रान पेटवून देत असतात. शेंगा वाकड्या, तपकिरी, महिनोन्‌महिने झाडाला लटकत राहतात. आणि पान! दोन दलांचे, लांबीपेक्षा रुंदी जास्त, उंटाच्या खुरासारखे, पाठीमागून किंचित लवदार. संध्याकाळ झाली की ही दोन दले मधल्या शिरेवर पुस्तकासारखी मिटतात.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या कुळाला बाउहिनिया हे नाव दिले ते या जोडपानामुळे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बाउहिन नावाचे दोन भाऊ होते, योहान आणि कास्पार. दोघेही वनस्पतींचे मोठे अभ्यासक. एका देठावरची दोन सारखी दले पाहून त्या भावांची आठवण झाली. आपल्याकडे रामलक्ष्मणांच्या पंचवटीत हे झाड वाढते आणि आपल्याला असे नाव सुचले नाही, याचे मला थोडे वैषम्य वाटते. असो.

उपयोगाच्या दृष्टीने म्हणाल तर झाड गरिबाच्या कामाचे. सालीचा वाक निघतो, त्याचे दोर होतात. मुंज गवत मिळाले नाही तर बटूची मेखला अश्मंतकाची करावी असे मनुस्मृतीतही आहे. पाला गुरे खातात. सिन्नरची विडी एके काळी दूरदूर जात असे. विडीला मुख्य पान टेंभुर्णीचे, पण आपट्याचे पानही विडीला चालते. थोडक्यात, वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस दोर आणि धूर, आणि एक दिवस सोने.

मोठ्या झाडांची गोष्ट निराळी असते. पंचवटीतल्या वडांना क्रमांक दिले आहेत. यात्रेकरू ते मोजतात, पाया पडतात. वडाच्या फांदीला करवत लावायची तर चार माणसे आडवी येतील. लहान झाडाला असे कोणी नसते. ते झाड की झुडूप याविषयीच लोकांचे एकमत नसते, आणि ज्याचे नाव नक्की नाही त्याच्यावर अन्यायही नक्की होत नाही.

आपण शाळेत असल्यापासून निबंधात लिहीत आलो की वृक्ष परोपकारी असतात, ते छाया देतात, फळे देतात, पाने देतात. संस्कृत सुभाषितांत तर झाडाला कर्णाच्या पंक्तीला बसवले आहे. वय वाढत गेले तसा मला या भाषेचा संशय येऊ लागला. झाड देत नाही, आपण घेतो. देणे या शब्दात देणाऱ्याची संमती गृहीत आहे, आणि ती आपण झाडाच्या नावाने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपट्याचे पान हे आपट्याने स्वतःसाठी केलेले असते. आश्विन-कार्तिकात ढग पांगतात, ऊन स्वच्छ होते आणि जमिनीत ओल असते. पुढच्या कोरड्या महिन्यांची बेगमी करायला पानगळीच्या झाडांना याहून चांगला हंगाम नाही. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झडायचीच असतात. तोवर जेवढे साठवता येईल तेवढे त्या पानांनी साठवायचे. नेमके याच दिवसांत आपण जातो आणि पाने आणतो. एखाद्याच्या घरी सुगीच्या दिवशी जाऊन खळ्यातले धान्य उचलावे आणि वर म्हणावे की काय उदार माणूस आहे, तसे हे आहे.

अतिशयोक्ती करीत नाही. आपटा चिवट आहे. चार पानांनी त्याचे काही जात नाही. फांदी तुटली तरी पावसात पुन्हा फूट येते. तक्रार पानांची नाही, भाषेची आहे. घेणे हे घेणेच आहे असे कबूल केले की माणूस किती घ्यायचे याचा विचार करतो. कौत्साने तो केला, कारण आपण मागायला आलो आहोत हे तो क्षणभरही विसरला नव्हता. त्याच्या नावाने सण करणारे आपण मात्र त्या गोष्टीतले शेवटचे वाक्य तेवढे लक्षात ठेवले: उरलेले लोकांनी लुटले. आपण बोलतोही तसेच. सोने वाटायचे असते हे खरे, पण आधी आपण ते 'लुटतो'.

इथे मला एक कबुली द्यायला हवी.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी गावाच्या पश्चिमेला, गंगापूरच्या वाटेवरच्या नव्या वस्तीत राहायला आलो. घरामागे खडकाळ माळ होता, आणि सकाळी फिरायला जाताना त्या माळावर एक आपटा लागे. माझ्याहून हातभर उंच. मी त्याला मनात 'माझा आपटा' म्हणत असे. शेंगा किती राहिल्या, नवी पालवी कधी आली, याची वहीत टिपणेही करी. आमच्या आळीत तेव्हा दसऱ्याला बाजारातून येत ती कांचनाची पाने. कांचन हे आपट्याचेच भाऊबंद, रस्त्याकडेला लावतात. पान तसेच जोडाचे, पण मोठे, पातळ आणि मऊ. फसगत सहज होते. गंमत अशी, की कांचन या शब्दाचाच अर्थ सोने. म्हणजे नाव सोन्याचे आणि सोने खोटे. एका दसऱ्याला आळीतल्या मंडळींना मी हा फरक समजावून सांगितला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण जाणतेपणाची खुमखुमी वाईट. "खरा आपटा पाहायचा असेल तर चला," असे म्हणून मी मुलांना आणि दोघा-तिघा शेजाऱ्यांना माळावर घेऊन गेलो आणि झाड दाखवले. पान उन्हात धरून दाखवले, साल दाखवली, शेंग दाखवली. सगळ्यांनी माझे कौतुक केले.

पुढच्या दसऱ्याला सकाळी मी फिरायला गेलो तो झाडाला चारच मोठ्या फांद्या होत्या, त्यांतल्या तीन मोडून नेलेल्या. तोडल्या नव्हत्या, मोडल्या होत्या. साल खाली बुंध्यापर्यंत सोलत आली होती आणि आतला लालसर भाग ओला दिसत होता. संध्याकाळी आळीतली मुले नवे कपडे घालून सोने द्यायला आली. वाकून नमस्कार केला, हातावर पाने ठेवली. एक जण अभिमानाने म्हणाला, "काका, खरं सोनं आहे बरं का, तुम्ही दाखवलं होतं ना, तेच!" मी पाने घेतली. डोक्यावर हात ठेवला. "सोन्यासारखे राहा," म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? त्या पोराचा चेहरा आनंदाने फुललेला होता, आणि त्याला झाडाचा पत्ता देणारा मीच होतो.

झाडाने त्या जखमेवर मात केली. पुढल्या पावसाळ्यात बुंध्यापासून नवे धुमारे आले आणि माझ्या मनावरचे ओझे उतरले. पण तीन वर्षांनी त्या माळाची मोजणी झाली, खांब रोवले गेले, आणि एके दिवशी सकाळी यंत्र येऊन खडकासकट सगळे सपाट करून गेले. शहरातली झाडे परवानगीवाचून तोडू नयेत असा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. तो आपटा त्या कायद्याच्या लेखी झाड होता की झुडूप, हे विचारायला कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. का गेलो नाही, याचे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. माझे घर त्याच माळाच्या अलीकडच्या तुकड्यावर उभे होते. पाया खणला तेव्हा तिथे काय काय उगवलेले होते, हे मी कधी विचारले नव्हते. गवंड्याने जागा साफ करून ठेवली होती, आणि साफ हा शब्द मला तेव्हा चांगला वाटला होता.

मुलांनी फांद्या मोडल्या याचा मला कितीतरी दिवस राग होता. मूळ गेले तेव्हा मात्र राग आला नाही. नुसते वाईट वाटले, आणि तेही लवकर विसरलो. आज विचार करतो तेव्हा हा हिशेब मला फार चमत्कारिक वाटतो. पोरांनी घेतले ते उघड घेतले, सणासाठी घेतले, आणि मूळ मागे ठेवले. आम्ही मोठ्यांनी झाडाची जागाच घेतली. पण ती कागदपत्रे करून, पैसे मोजून घेतली, म्हणून ती घेतल्यासारखी वाटली नाही.

पैसे मोजले की वस्तू आपली होते का? आणि आपली झाल्याशिवाय ती दुसऱ्याला देता येते का? नाशिकला या प्रश्नावर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. गाई, गावे, सोने, नारळाची झाडे. यादी मोठी आहे आणि आत्मस्तुतीही पुष्कळ आहे. पण तिच्यात एक बारीक नोंद येते. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिले. हे शेत नगराच्या वायव्य सीमेवर होते. ते अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाच्या वडिलांचे होते, आणि उषवदाताने ते अश्विभूतीकडून चार हजार कार्षापणांना विकत घेऊन मग दिले. राजाचा जावई, हातात सत्ता. वेशीबाहेरचा एक तुकडा असाच देऊन टाकला असता तर कोणी विचारणार नव्हते. पण द्यायचे तर आधी रीतसर आपले करावे आणि कितीला केले हे दगडावर लिहावे, असे त्याला वाटले. आता ते चार हजार कार्षापण त्याच्याकडे कुठून आले, हे विचारू नये; रघूच्या सोन्याविषयीही कुबेराचे मत आपण कुठे विचारतो?

जवळच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळचा लेख आहे. राजा म्हणतो, की पूर्वी आम्ही भिक्षूंना एका गावातले शेत दिले होते. पण ते गाव आता वसलेले नाही आणि ते शेत कोणी कसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचे जे राजशेत आहे, त्यातले शंभर निवर्तने देतो. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगी पडली नाही हे देणाऱ्याने जाहीरपणे कबूल करावे आणि दुसरी द्यावी, याचे मला फार अप्रूप वाटते. आणि दोन्ही लेखांत ती जागा कुठे आहे पाहा: नगराच्या सीमेवर. आमच्या बापजाद्यांचा आपटाही तिथेच कुठेतरी होता.

या मापाने माझे सोने मोजले तर काय दिसते? जुडीचे पैसे मी त्या डोंगरातल्या बाईला दिले. ते तिच्या पायपिटीचे, पहाटे उठून भारा बांधल्याचे, मोटारीच्या भाड्याचे. तिचा हक्क आहे का? १९२७ च्या वनकायद्याने जंगलातले पानसुद्धा वनोपज ठरवले आणि ते सरकारच्या हिशेबात गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांना गौण वनोपजाची मालकी मान्य केली. म्हणजे कायद्याच्या भाषेत त्या पानावर त्या बाईइतका दावा आमच्या आळीत कोणाचाच नाही. झाडे वाचावीत म्हणून आपण पाने घेऊ नयेत, असा उपदेश हल्ली दसऱ्याला ऐकू येतो. तो मला अर्धवट वाटतो. माळ गिळून त्यावर घर बांधणाऱ्याने, वर्षातून एक दिवस चार पैसे मिळवणाऱ्या बाईला झाडाची माया शिकवावी, हे काही शोभत नाही. आणि पान घेणे अजिबात सोडले तर या झाडाचे नाव शहरात उरणार तरी कुठे? आमच्या नातवंडांना आपटा हा शब्द ठाऊक आहे तो केवळ त्या एका संध्याकाळमुळे.

इंग्लंडात हॉली नावाचे एक लहान झाड आहे. ओक आणि बीच या मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढते. काटेरी चकचकीत पाने, हिवाळ्यातही हिरवी, आणि मादी झाडाला लाल फळे. नाताळ आला की त्याच्या फांद्या घरोघर येतात. तिथेही लहान झाडाचाच सण होतो, ओकचा नाही. रानाच्या कडेला उभे असलेले, हाताला येणारे झाडच माणूस घरी आणतो, हे पाहून मला बरेही वाटते आणि धास्तीही वाटते.

हे सगळे सूनबाईला सांगायला वेळ नव्हता. ती ओंजळ धरून उभी होती, आणि स्वयंपाकघरात तेल तापलेले होते. मी म्हणालो, "तुळशीच्या कुंडीत घाल. मातीत जाऊ दे."

"सोनं मातीत?" ती हसली.

"पूर्वी माती आणायचे. आपण नेऊन घालू."

तिने ती पाने हातानेच चुरली आणि तुळशीच्या बुडाशी पसरली. त्या ओंजळीत एक वाकडी शेंगही आली होती, कशी कोण जाणे, बहुधा जुडीबरोबर. ती मी काढून घेतली. टोकाशी फोडून पाहिली तर आत सात-आठ चपट्या बिया निघाल्या. कवच कठीण असते, म्हणून रात्री कोमट पाण्यात भिजत घातल्या आहेत. रुजल्या तर कुठे लावायच्या, यावरून आता घरात वाद आहे. नातू म्हणतो फाटकापाशी. तिथे गाडी लागते. गच्चीवरच्या डब्यात आपटा किती दिवस राहील? त्याला कातळ लागतो आणि आमच्याकडे आता कातळ उरलेला नाही. दिवाळीनंतर अंजनेरीच्या बाजूला कोणाचे शेत आहे का, बांधावर एक-दोन रोपे लावू देतील का, ते विचारून पाहायचे ठरले आहे. जागा त्यांची, तेव्हा आधी त्यांना विचारले पाहिजे.